पार्सलचा साकव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

म्हाताऱ्या कुत्र्यामांजरांसाठी बाजारात घडीचे रॅम्प मिळतात, असा मजकूर आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मजकूर चांगला होता, पण ते रॅम्प सोफ्यावर नाहीतर मोटारीत चढायचे. आमच्याकडे दोन्ही नाही. आमच्याकडे जोतं आहे. पाच पायऱ्यांचं, जांभ्या चिऱ्याचं, आजोबांनी बांधलेलं. पावसाचं पाणी, विंचूकाटा, गुरं या सगळ्यापासून वर राहायचं म्हणून कोकणात घर उंचावर घेतात. तरण्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. आमच्या पार्सलला ते चौदाव्या वर्षी जड गेलं, त्याची ही हकिगत. पत्र लांबेल. जागा कमी पडली तर सुरुवातीचं माझं पुराण कापा, शेवटची मापं तेवढी कापू नका.

पार्सल म्हणजे आमचा कुत्रा. मी आंजर्ल्याच्या बाजूला एकतीस वर्षं डाक वाटली आणि तेवढ्यात तीनदा कुत्रा चावून घेतला. पहिल्यांदा चावला तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची पद्धत होती. ती मी रोज एसटीने तालुक्याला जाऊन घेतली, आणि तेव्हापासून छत्री विसरलो असेन पण काठी विसरलो नाही. असा माणूस कुत्रा पाळील हे मलाही पटलं नसतं. पण २०११ च्या जुलैत डाकेची थैली उतरवून घ्यायला थांब्यावर गेलो, तर तिथे भिजून लगदा झालेलं एक खोकं. वर नाव नाही, पत्ता नाही, आत तांबूस पिल्लू. कंडक्टर म्हणाला, "घ्या, तुमचंच पार्सल." परत पाठवायचं तर पाठवणाऱ्याचाही पत्ता नव्हता.

तेरा वर्षं त्याने त्या पाच पायऱ्या तीन ढांगांत घेतल्या. दिवसा खळ्यात, म्हणजे अंगणात, रात्री ओटीवर. थंडी पडल्यापासून किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, म्हणून त्या दिवसांत रात्री त्याला बांधून ठेवायचो. कुत्री अंडी उकरतात, आणि माझाच कुत्रा तेवढा सज्जन असं मी कधी धरून चाललो नाही.

बिघाडाला सुरुवात फरशीने झाली. २०२२ साली धाकटीच्या लग्नाआधी ओटीची शेणाने सारवायची जमीन उखडली आणि गुळगुळीत, तोंड दिसेल अशी फरशी बसवली. पाहुण्यांना फार आवडली. पार्सल मात्र त्या दिवसापासून भिंतीच्या कडेकडेने चालायला लागला. आम्ही म्हटलं, नव्या फरशीला बुजला असेल. तो घसरत होता, हे कळायला आम्हांला दोन वर्षं लागली. २०२४ च्या दिवाळीत उतरताना तिसऱ्या पायरीवर त्याचे पुढचे पाय दुमडले आणि तो हनुवटीवर खाली आला. त्यानंतर ओटीच्या काठाशी उभा राहून तो नुसता खाली बघत राहायचा. एक पाय पुढे टाकायचा, परत घ्यायचा. एकदा ओटीवरच लघवी झाली. ज्याने जन्मात घरात घाण केली नाही तो कोपऱ्यात तोंड खुपसून बसला, आणि आमच्या मंडळींनी फडकं मारून होईपर्यंत मान वर केली नाही.

इथे माझी चूक सांगतो, कारण ती बरेचजण करतात. मला गुडघेदुखीवर गोळी आहे, आयबुप्रोफेनची. म्हटलं, दुखणं तेच, औषधही तेच चालेल. अर्धी गोळी भातात घालून दिली, दुसऱ्या दिवशी आणखी अर्धी. तिसऱ्या दिवशी कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी झाली. ते पोटातलं रक्त होतं. माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जिवावर बेतते. पार्सल वाचला तो डॉक्टर वेळेवर आले म्हणून. त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

त्यांनीच सांधे दाबून पाहिले, तालुक्याला नेऊन एक्स-रे काढवला आणि कंबरेची, मागच्या गुडघ्यांची झीज झालीय म्हणाले. औषध दिलं मेलॉक्सिकॅम, वजनावर मोजून, पोट भरल्यावर. हे नाव मी आधी ऐकलं होतं ते गिधाडांच्या संदर्भात. गुरांना डायक्लोफिनॅक टोचायचे, ती मेलेली गुरं खाऊन गिधाडं मेली, म्हणून २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद करून हे पुढे आणलं. आमच्या लहानपणी माळावर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. असो, विषय कुत्र्याचा.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या: वजन उतरवा, ओटीवर काहीतरी अंथरा आणि पायऱ्या बंद करा. वजन सुपारीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर केलं. आधी पार्सलला घेऊन मी उभा राहिलो, मग एकटा. सव्वीस किलो भरला. भात निम्म्यावर आणला, आता बावीसला आहे. ओटीवर काथ्याच्या चटया आल्या, नखं कापली, पंज्यांमधले केस कातरले. पायऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला. कुत्र्याचं निम्म्याहून अधिक वजन उभ्या उभ्यासुद्धा पुढच्या पायांवर असतं आणि उतरताना ते आणखी पुढे ढकललं जातं. म्हणजे चढणं मागच्या पायांना जड, उतरणं पुढच्यांना. उचलून न्यावं तर मी अडुसष्ट वर्षांचा. पोटाखालून जुना पंचा घालून त्याचा मागचा भार उचलायचा, असं महिनाभर केलं. दिवसातून चार वेळा चढउतार. माझीच कंबर धरली.

मग साकव. साकव म्हणजे ओढ्यावर टाकतात तो लहानसा लाकडी पूल. नाव माझं नाही, वाडीने दिलं. सुतारदादा काम करत असताना गडग्यापलीकडून एकाने विचारलं, "काय वो, कुत्र्याला साकव घालताव?" तेच चिकटलं.

लाकूड फणसाचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या आगरातला मोठा फणस मुळासकट आडवा झाला. नारळ-पोफळी गेल्या त्या वेगळ्याच. फणसाच्या फळ्या काढून माळ्यावर ठेवल्या होत्या, नातवासाठी झोपाळा करू म्हणून. नातू पुण्याला, झोपाळा राहिला. पाच वर्षं धुरात सुकलेलं लाकूड. वाळवी लागलेली नाही, पिवळा रंग जाऊन तांबूस झालेला.

पहिला साकव मी सहा फुटांचा केला, कारण फळी तेवढी होती. जोत्याची उंची पस्तीस इंच. फळी टेकवली, पार्सलला बोलावलं. त्याने फळीचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पायऱ्यांशी जाऊन उभा राहिला. सुकटीचं आमिष दाखवलं, नाही. ढकललं, तर चारही पाय फाकून बसला. मला राग आला. संध्याकाळी सुतारदादांनी फळीला गुण्या लावला आणि म्हणाले, "हा रस्ता नाय, घसरगुंडी हाय." हिशेब केला तर एक फूट चढायला जमिनीवर दोन फूटसुद्धा जागा दिलेली नव्हती. पायऱ्यांपेक्षा वाईट, कारण पायरीवर निदान पाय सपाट टेकतो.

दुसरा नऊ फुटांचा. उंची तीच, आणि आता फुटाला तीन फूट उतार. फळ्या जोडून रुंदी दीड फूट. ओटीच्या काठाला तो लोखंडी कानांनी अडकवला. आमच्या खाऱ्या हवेत साधा स्क्रू दोन पावसांत गंजून भुगा होतो, म्हणून पितळी घेतले. खालचं टोक सरकू नये म्हणून त्याच्यासमोर एक चिरा अर्धा पुरला. दोन्ही कडांना तीन बोटं उंच पट्ट्या, पाय बाहेर जाऊ नये म्हणून. त्या पिवळ्या रंगवल्या. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, पिवळा आणि निळा कळतो. पार्सलची नजर आता अधू आहे, पण संध्याकाळच्या उजेडात ती पिवळी कड त्याला दिसते असं मला वाटतं. तो तिच्याकडे बघून पाय टाकतो.

पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या मारतात. होडीच्या फळीला असतात तशा मी फुटाफुटावर मारल्या. त्या होडीवर माणसं चढतात. कुत्र्याची ढांग म्हाताऱ्या वयात आठ इंचांची. त्याचा पाय दर वेळी दोन पट्ट्यांच्या मध्ये पडायचा आणि पुढच्या पट्टीपर्यंत घसरत यायचा. पट्ट्या उखडून आठ-आठ इंचांवर मारल्या, जाडीला अर्धा इंच. जास्त जाड पट्टीत नख अडकतं.

वरून काय अंथरायचं यात मी दीड महिना घालवला. हर्णै बंदरावरून जुनं जाळं फुकट आणलं, घट्ट ताणून बसवलं. दिसायला फार छान. दुसऱ्याच दिवशी पार्सलचं मागचं नख जाळ्यात गुंतलं, तो घाबरून ओढायला लागला, नखातून रक्त. जाळं फाडून काढलं. गोणपाट ओलं झालं की फळीवरून अख्खं सरकतं. काथ्याची चटई उत्तम, पण पावसात पाणी धरते, कुबट होते आणि खालचं लाकूड कुजवते. अखेरचा उपाय सुतारदादांचा, बोटीच्या फळक्यांवर करतात तो. ऑइलपेंटचा जाड हात द्यायचा आणि ओला असतानाच वर बारीक वाळू भुरभुरायची. सुकल्यावर सैल वाळू झाडून वरून आणखी एक पातळ हात. वाळू समुद्राची असेल तर तीन पाण्यांनी धुवून, उन्हात सुकवून, पिठाच्या चाळणीतून चाळून घ्या, नाहीतर मीठ रंगाला धरू देत नाही. भरड वाळू नको, पंज्याची गादी सोलवटते. मी स्वतः अनवाणी चढून पाहिलं. चाळणी घेतल्याबद्दल घरात जे ऐकून घेतलं तेही खर्चात धरा.

हा रंग आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांबरोबर जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा बेत होता. २०२५ ला पाऊस मे महिन्यातच येऊन बसला, तुम्हांला आठवत असेल. पहिला हात सुकायच्या आत सर आली आणि अर्धी वाळू खळ्यात गेली. मग पडवीच्या छपराखाली, कंदिलाच्या उबेवर, पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. साकव पायऱ्यांच्या शेजारी लावला होता तिथे बरोबर मधोमध कौलांच्या पागोळ्या पडत होत्या. तिथे आठ दिवसांत शेवाळ धरलं असतं. म्हणून तो ओटीच्या बाजूने, पडवीच्या आडोशाला फिरवला. तरी श्रावणापर्यंत हिरवट थर आलाच. ब्लिचिंग पावडरने पंजे भाजतात, म्हणून दर रविवारी नारळाच्या सोडणाने घासायचा. हे काम मी करतो.

पार्सलला शिकवायला मात्र पैसा लागला नाही, अक्कल लागली, आणि तीही आमच्या मंडळींची. मी साकव सरळ जोत्याला लावून त्याला ओढत होतो. ती म्हणाली, "आधी जमिनीवर ठेवा. त्याला ती जमीन वाटू दे." दोन दिवस साकव खळ्यात आडवा पडलेला, ती पलीकडच्या टोकाला उकडलेल्या तारलीचा काटा काढलेला तुकडा ठेवायची. पार्सल चालत जायचा, खायचा. तिसऱ्या दिवशी एका टोकाखाली एक चिरा. मग दोन. मग तीन. नवव्या दिवशी साकव ओटीला लागला. पार्सल निम्म्यावर थांबला, मागचा उजवा पाय थरथरत होता. आम्ही दोघं गप्प. ती वर तारली घेऊन बसलेली, हाक मारली नाही. मग तो चढला. वर पोचल्यावर तारली न खाता आधी आपल्या जागेवर जाऊन, तीन गिरक्या घेऊन बसला. तारली मांजराने नेली. उतरायला शिकायला आणखी बारा दिवस लागले. सगळा खर्च मजुरी दोन हजार, स्क्रू आणि रंग साडेसहाशे.

एवढं झालं असतं तर मी आपल्याला पत्र लिहिलं नसतं. शेजारच्या काकी, वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर येतात. त्यांनी साकव पाहिला आणि म्हणाल्या, "मीपण यावरनंच येत्ये. कुत्र्याला होतं ते मला नाय होणार?" त्यांना मी हात धरून पायऱ्यांवरून आणलं आणि साकवाला हात लावू दिला नाही. कुत्र्याला चार पाय, बुटका, भार जमिनीजवळ. त्याला फुटाला तीन फूट चालतं. माणसाला, आणि चाकाच्या खुर्चीला, फुटाला बारा फूट लागतात. हे मी सांगत नाही. सार्वजनिक इमारतींसाठीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतच एकास बाराचा उतार दिलेला आहे, आणि अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. लक्षात ठेवायला सोपं: जितके इंच उंची, तितके फूट रॅम्प. काकींसाठी आमच्या जोत्याला करायचा झाला तर पस्तीस फूट, म्हणजे खळं ओलांडून बेड्याबाहेर, फाटकापलीकडे, पाखाडीच्या वाटेवर. तेवढी जागा नाही. म्हणून पायऱ्यांना एका बाजूने जी.आय. पाइपचा कठडा बसवला. तोही मजबूत, लोंबकळलं तरी हलणार नाही असा.

नोव्हेंबरात काकींना हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या एका कचेरीत घेऊन गेलो. नाव लिहीत नाही, कारण अशी ती एकटीच नसणार. दाराशी पायऱ्या, शेजारी झकास रॅम्प, वर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र. काकी खूश. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मी हात दिला तरी पुढे सरकेनात. एक शिपाई आणि एक रिक्षावाला आले, दोघांनी दोन बाजूंनी धरून जवळजवळ उचलून वर नेलं. काकी पूर्ण वेळ पदर सारखा करत होत्या. माणूस उचलला गेला की त्याला तेवढंच सुचतं. दाखला झाला. परत येताना मी त्यांना बाकावर बसवलं, समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून टेप मागून आणला आणि रॅम्प मोजला. उंची सत्तावीस इंच. जमिनीवरची लांबी सहा फूट नऊ इंच.

भागाकार करून पाहा. एकास तीन. माझ्या पार्सलच्या साकवाचाच उतार, आणि तोही वाळूविना, कारण त्यावर आमच्या ओटीवर आहे तसलीच गुळगुळीत फरशी बसवलेली. कठडा एका बाजूला, तोही निम्म्यापर्यंत. खालच्या टोकाशी उघडं गटार आणि त्याला लागून उभ्या केलेल्या दोन मोटारसायकली. मी मोजतोय हे पाहून आतले एक साहेब बाहेर आले. "काय काम आहे?" म्हणाले. म्हटलं, रॅम्पची लांबी सत्तावीस फूट हवी, पावणेसात आहे. ते म्हणाले, "रॅम्प आहे ना? तपासणीत मंजूर झालाय." माझा सुतार पहिल्या फळीला घसरगुंडी म्हणाला होता आणि माझ्या कुत्र्याने तिच्यावर पाय ठेवायला नकार दिला होता. त्या कचेरीच्या तपासणीला यातलं कोणीच गेलेलं दिसत नाही.

जागा नाही अशी सबब तिथे चालणार नाही. कचेरीसमोर मोकळं पटांगण आहे, साहेबांच्या गाड्या लागतात तेवढं. सत्तावीस फूट सरळ नको असेल तर मध्ये सपाट विसावा देऊन वळवता येतो. फरशीऐवजी खरबरीत कोबा, दोन्ही बाजूंना कठडा, गटारावर झाकण. मापं मी कागदावर काढून त्यांच्या आवक खिडकीत दिली आहेत, पोच घेतली आहे. एकतीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस पोच घेतल्याशिवाय कागद सोडत नाही. आपले वाचक आपापल्या गावच्या कचेरीत, दवाखान्यात, शाळेत जातील तेव्हा त्यांनी एक टेप खिशात न्यावा आणि मोजलेला आकडा आपल्याला कळवावा, आपण तो छापावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आणि घरी जोतं असेल, कुत्रा म्हातारा होत असेल, तर तो पडायची वाट बघू नका. पाय धड आहेत तोवर साकव लावा. दुखायला लागल्यावर शिकवणं फार अवघड जातं, ते आम्ही पाहिलं. फळ्यांची मापं हवी असतील तर आपल्या पत्त्यावर लिहा, मी आपल्यामार्फत उत्तर देईन. हस्ताक्षर वाचता येईल असं असावं, ही जुनी विनंती.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन,
आंजर्ल्याजवळ, ता. दापोली, जि. रत्नागिरी

ता. क. हे पाकीट पेटीत टाकायला निघालो तेव्हा पार्सल साकवावरून उतरून माझ्या मागे बेड्यापर्यंत आला. तिथून पुढे पाखाडी लागते, चौतीस पायऱ्या. तिथे तो बसला. मी परत आलो तेव्हा तिथेच होता.